पाण्यातला पाहुणा

३ मार्च, सोमवार

सकाळी साडेसातला रुग्णालयातल्या आमच्या प्रयोगशाळेचं कुलूप उघडलं आणि रोजच्यासारखी सगळ्यांची विचारपूस केली. मेणाचं भांडं: बरं आहे, अंगात ताप हवा तेवढाच. मायक्रोटोम, म्हणजे आमचं कापायचं यंत्र: गुडघा कुरकुरतोय, दोन थेंब तेल पाजलं. कोमट पाण्याचा ट्रे: ठणठणीत. फ्रीज खोकतोय, पण तो गेली चार वर्षं खोकतोय, आम्हा सगळ्यांना पोचवूनच जाईल. मग माणसं आली. मोठ्या बाई, आमच्या विभागप्रमुख: सर्दी, नाक लाल, आवाज मात्र खणखणीत. दुसऱ्या वर्षाचा रेसिडेंट, म्हणजे शिकाऊ डॉक्टर, आमचा डुलकी: तब्येत उत्तम, डोळे मिटलेले. पहिल्या वर्षाची सुसाट जिना चढून नाही, उडून आली! "मावशी, बऱ्या ना?" म्हणाली आणि मी तोंड उघडायच्या आत खोलीच्या दुसऱ्या टोकाला. घरी ह्यांचं पाऊल सुजलंय. माझं? माझं बरं आहे. एप्रिलअखेर निवृत्ती, एवढंच काय ते दुखणं.

मोठ्या बाईंनी वर कार्यालयात पत्र टाकलंय. निवृत्तीनंतर दोन वर्षं मला इथेच ठेवायचं, नव्या रेसिडेंटना कापायला शिकवायला. कारकून विचारत होता, "शिक्षण?" म्हटलं, आठवी. त्याने लेखणीच खाली ठेवली. बाई म्हणाल्या, "लिहा — छत्तीस वर्षं, एकही चूक नाही." मी मान खाली घातली. आतून मात्र नुसती फुगले होते! बाटल्या धुवायला आले होते इथे, बाविसाव्या वर्षी. कापायला कुणी शिकवलं नाही. बघून बघून शिकले.

५ मार्च, बुधवार

सुसाटला आजपासून माझ्या हाताखाली दिलंय. रेसिडेंटने शंभर ब्लॉक स्वतः कापल्याची नोंद लागते, त्याशिवाय वर्ष पुरं होत नाही. तिचे झालेत एकवीस. बाकीचं सगळं तिला तोंडपाठ. पुस्तकातलं विचारा, पान नंबरासकट सांगेल. पण यंत्रासमोर बसली की उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग!

तिला पहिल्यापासून सांगितलं. शस्त्रक्रियेतून काढलेला तुकडा आपल्याकडे येतो, तो मेणात बसवायचा, त्याचा ब्लॉक होतो. ब्लॉक बर्फावर गार करायचा. मग चाक फिरवायचं, पण श्वास धरून. केसाचे वीस उभे भाग केले तर त्यातला एक, एवढी पातळ फीत निघते, फुंकरीने उडते. ती पाण्यावर सोडायची, सुरकुती गेली की काचेवर उचलायची. पुढे रंग, पुढे डॉक्टरांचा सूक्ष्मदर्शक, पुढे कुणाच्या तरी घरी हसू नाहीतर रडू.

"आणि सगळ्यात मोठं काय?" मी विचारलं.

"पातळ कापणं?"

"पाणी पुसणं!"

एक नंबर, म्हणजे एका माणसाचा ब्लॉक, झाला की पाण्यावरून कागद फिरवायचा. आधीच्या माणसाचा कण तरंगत राहिला, तर तो पुढच्याच्या काचेवर जाऊन बसतो. आम्ही त्याला पाहुणा म्हणतो. न बोलावता आलेला. एकाचं दुखणं दुसऱ्याच्या ताटात वाढायचं नाही, हे मी छत्तीस वर्षांत दोनशे डॉक्टरांना सांगितलं असेल.

"मावशी, तुमच्याकडे कधी आला पाहुणा?"

"माझ्याकडे? यायची हिंमत आहे त्याची?"

६ मार्च

सुसाट फीत कापताना शिंकली. फीत डुलकीच्या मिशीवर. तो झोपलेलाच.

११ मार्च, मंगळवार

आजचा दिवस काय सांगू! सुसाटने सकाळी अशी फीत काढली, सलग, सरळ, सुरकुती नाही की चीर नाही. मी टाळी वाजवली. तीही वाजवायला गेली आणि फीत तुटली. तरी काय झालं? जमलं ना एकदा! एकदा जमलं की हात विसरत नाही.

तेवढ्यात तिला घरून फोन. बहिणीचं बाळंतपण जवळ आलंय, पळाली बाहेर. आणि तिकडून डुलकी आला, चक्क जागा! "मावशी, कागद मंजूर! दोन वर्षं!" मला आधी खरंच वाटेना. त्याला मोठ्याने वाचायला लावलं. परत लावलं. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "मावशी, आता पाठ झालं मला." मी ऐकत होते आणि हात आपला चालूच होता. सुसाटचे पुढचे पाच ब्लॉक, ११२५ ते ११२९, कसे कापून झाले कळलंच नाही. हाताला जणू पंख फुटले होते.

तक्त्यावर 'कापणार' खाली तिचंच नाव होतं, सकाळीच लिहिलेलं. खोडणार होते, पण म्हटलं राहू दे, पोरीचे पाच वाढतील. शंभराची घाई तिला आहे, मला नाही.

संध्याकाळी ह्यांना सांगितलं. म्हणाले, "म्हणजे अजून दोन वर्षं चहा मीच करायचा?" पण डोळे पाणावले होते. बघितलं मी.

१४ मार्च, शुक्रवार

आज सुसाटचं कौतुक! ११२७ च्या काचेत तिने कर्करोग शोधला. गर्भाशयाच्या अस्तराचे खरवडून काढलेले बारीक बारीक कण. त्या ढिगात एकच कण वाईट, तो हिने हेरला. मोठ्या बाईंनी बघितलं, दुसऱ्या सरांनी बघितलं, दोघांनी माना डोलावल्या. "पहिल्या वर्षात असली नजर!" बाई म्हणाल्या. सुसाट लाल झाली. डुलकी म्हणाला, "मी पण बघितला असता, पण डोळे मिटले होते."

जाताना सहज तक्त्यावर वय वाचलं. एकतीस. मूल नाही. येत्या शुक्रवारी पिशवी काढणार.

आम्हाला माणसं दिसत नाहीत, नंबर दिसतात. देवाची कृपाच म्हणायची.

१८ मार्च, मंगळवार

सुसाट सकाळी आली ती चालत. चालत! मी घाबरलेच. डोळ्यांखाली काळं.

"मावशी, ११२७ अजून खोल कापून द्याल?"

"का गं? निकाल तर लागला."

"बाकीचे सगळे कण निरोगी आहेत. थोडे बिघडलेले, मधले, असं काहीच नाही. मावशी, सगळी गल्ली शांत झोपलीय आणि मधोमध एकच घर जळतंय, धूर नाही, वास नाही. असं कसं?"

मी ब्लॉक काढला. बारा पायऱ्या खोल गेले. प्रत्येक वेळी पाणी पुसून, दोनदा पुसून. बारा काचा तिने एकापाठोपाठ एक बघितल्या. जेवायला उठली नाही. शेवटी मान वर केली.

"नाहीये, मावशी. कुठेच नाहीये."

ब्लॉकमध्ये असता तर खालीही दिसला असता. नुसत्या वरच्या काचेवर आहे, म्हणजे पाण्यातून आलाय. पाहुणा!

१९ मार्च, बुधवार

शेजारचा ब्लॉक ११२६, अडुसष्ट वर्षांच्या आजीबाईंचा. त्यांचा कर्करोग आधीच माहीत होता. दोन्ही काचा शेजारी ठेवल्या. जुळ्या बहिणी! मोठ्या बाईंनी स्वतः फोन करून शुक्रवारची शस्त्रक्रिया थांबवली. फोन ठेवला आणि खुर्चीत बसूनच राहिल्या. मग पाणी मागितलं.

वाचली बाई ती. आमच्या सुसाटमुळे वाचली. हे आधी लिहिते, कारण पुढचं लिहायला हात धजत नाही.

बाईंनी विचारलं, "कापला कुणी?" तक्ता आणला. तिचं नाव. सुसाट म्हणाली, "माझं नाव आहे, बाई." एवढंच. बाईंचा चेहरा उतरला. म्हणाल्या, "चूक पकडलीस, त्याचं मोल मोठं आहे. पण हे वर जाणार. तुझे सहा महिने वाढतील, कापण्याचं काम पुन्हा पहिल्यापासून." ती म्हणाली, "हो."

आणि मी! मी तिला बाहेर बोलावून फाडफाड बोलले. "हजारदा सांगितलं होतं, पाणी पूस! एका बाईचा संसार उठला असता तुझ्या घाईपायी!" ती भिंतीला टेकून उभी. नुसती माझ्याकडे बघत होती. मला अजून राग आला.

घरी येऊनही राग जाईना. ह्यांनी चहा दिला, मी तोही नको म्हटलं.

२० मार्च

झोप आली नाही म्हणून ही वही चाळत बसले. मागची पानं वाचली. अकरा तारीख.

११२७ मी कापला.

२१ मार्च, शुक्रवार

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. कुणावर ओरडले मी!

आठवायचा किती प्रयत्न केला — कागद फिरवला होता का? डुलकी वाचतोय, मी हसतेय, चाक फिरतंय... कागद आठवत नाही. छत्तीस वर्षांत हात आपोआप पुसायचा, आणि नेमका त्या दिवशी हात आनंदात होता. वर तिचं नाव तसंच ठेवलं. उपकार केला म्हणे! तिच्या नावावर पाच ब्लॉक नाही, पाप लिहिलं.

आणि एक लिहू का? लाज वाटते, पण वही माझीच आहे. आज कामावर गेले आणि दिवसभर काही बोलले नाही. मनात एक चोर बसलाय. तो म्हणतो, ती तरुण आहे, सहा महिने काय, चुटकीसरशी जातील. तुझं काय? 'एकही चूक नाही' म्हणून तर कागद झालाय. तो गेला की एक मेपासून तू घरात, खिडकीशी. कुणाला कळणार आहे? तक्ता तिच्या नावाचा. डुलकीला तर काल काय खाल्लं तेही आठवत नाही.

सुसाटने आज नमस्कार केला, नेहमीसारखा. "मावशी, बऱ्या ना?" या वेळी उत्तर ऐकायला थांबली. मी फ्रीजचं दार उघडून आत बघत बसले.

२३ मार्च, रविवार

ह्यांना सांगितलं. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "अगं, मी बस मागे घेताना आगाराचं फाटक पाडलं होतं, आठवतं? सगळ्यांना वाटलं क्लीनरने इशारा चुकीचा दिला. त्याची नोकरी जायची वेळ आली."

"आठवतं की."

"तेव्हा तू काय म्हणाली होतीस?"

"काय म्हणाले होते?"

"म्हणालीस, उद्या सांगून या, नाहीतर आजपासून तुमचं तुम्ही वाढून घ्या."

"मग?"

"मग काय! चार दिवस मीच वाढून घेतलं, पाचव्या दिवशी सांगितलं. तू तरी एवढी वाट बघू नकोस."

खूप दिवसांनी हसले.

२४ मार्च, सोमवार

सांगितलं.

सकाळी सगळे मिळून काचा बघतात, एका सूक्ष्मदर्शकाला आठ जणांना डोळा लावता येतो, तिथेच. मी दारात उभी राहिले. "बाई, ११२७ मी कापला. ही फोनवर बाहेर होती. तक्त्यावर नाव तसंच ठेवलं मीच, तिचा आकडा वाढावा म्हणून. पाणी पुसलं नाही, तेही मीच."

आठही डोकी वर. डुलकी टक्क जागा! म्हणाला, "अरे हो! मी तर तिथेच कागद वाचत होतो!" आता आठवलं मेल्याला.

मोठ्या बाईंनी चष्मा काढला, पुसला, घातला. "मावशी, तुम्हाला कळतंय ना, तुमचा कागद मला परत मागवावा लागेल?"

"कळतंय."

"मग बसा. उभ्या का?"

सुसाट मात्र उठून माझ्यावरच ओरडली. "कशाला सांगितलंत, मावशी! कशाला!" आणि रडत बाहेर. बिचारी. सुटल्याचं रडू असं उलटं येतं कधीकधी. मी मागे गेले, तिच्या पाठीवर हात ठेवला, म्हटलं, चुकले गं, तुला नको ते बोलले. ती म्हणाली, "गप्प बसा हो तुम्ही." डॉक्टर झाली तरी पोरच.

२५ मार्च, मंगळवार

मोठ्या बाई मला सोबत घेऊन ११२७ ला भेटायला गेल्या. तिला निरोप मिळाला होता, कारण कळलं नव्हतं. ती शिवणकाम करते. बारीक, उंच, बोटात शिवणाची टोपी तशीच. छत्तीस वर्षांत पहिल्यांदा एका नंबराचा चेहरा बघितला.

मी सांगितलं, कसं झालं ते. वाटलं, सुटली म्हणून हसेल. नाही हसली.

"पाच दिवस मी मेलेली होते," म्हणाली. "नवऱ्याला सांगून ठेवलं, दुसरी कर. कपड्याची शिवण चुकली तर उसवता येते. हे कसं उसवू?"

मी हात जोडले. उभी राहिले. तिने दार लावून घेतलं नाही, एवढं मात्र खरं. निघताना म्हणाली, "तुम्ही आलात. दुसरं कुणी आलं नसतं."



३१ मार्च, सोमवार

नवा नियम! आता प्रत्येक ब्लॉक कापला की कापणाऱ्यानेच, त्याच क्षणी, आपल्या हाताने सही करायची. आधी नाव लिहून ठेवायचं नाही. डुलकी त्याला 'मावशीचा कायदा' म्हणतो. ११२७ ची ती काचही शिकवायच्या पेटीत गेली. पुढच्या वर्षीच्या पोरांना पाहुणा म्हणून दाखवणार. छत्तीस वर्षांत लाखभर काचा केल्या असतील, पेटीत जागा मिळाली ती हिला. हात दाखवून अवलक्षण!

९ एप्रिल

सुसाटला भाची झाली. साडेतीन किलो. सगळ्या विभागाला फोटो दाखवला, मेणाच्या भांड्यालासुद्धा.

१७ एप्रिल, गुरुवार

मोठ्या बाईंनी वर नवं पत्र पाठवलं होतं, मला न सांगता. आज त्याची प्रत वाचायला दिली. 'एकही चूक नाही' खोडलंय. त्या जागी लिहिलंय, 'एक चूक केली, ती स्वतःहून सांगितली. चूक कशी सांगायची हे शिकवणारं आमच्याकडे दुसरं कुणी नाही.'

कार्यालयाने दोन वर्षं दिली नाहीत. सहा महिने दिलेत, 'काम बघून पुढे ठरवू' म्हणून. म्हणजे सुसाटचे सुटलेले सहा महिने मला लागले! मी खो खो हसले. कारकून घाबरला.

३० एप्रिल, बुधवार

निवृत्त झाले. चार वाजता निरोप, हार, भाषणं. डुलकीने भाषण केलं, आणि स्वतःच्या भाषणात झोपला नाही. उद्या सुट्टी, परवा सकाळी साडेसातला परत कामावर! ह्यांनी विचारलं, "मग नक्की काय बदललं?" म्हटलं, हार मिळाला.

सुसाट मात्र उद्यापासून नाही. तीन महिने लांबच्या लहान मुलांच्या रुग्णालयात शिकायला जातेय. शंभरावा ब्लॉक आज कापला. मी बाजूला हाताची घडी घालून उभी. पाणी पुसलं, सही केली, मग माझ्याकडे बघितलं. जाताना पाया पडली, तीही घाईघाईत, कपाळ टेबलाला आपटलं.

५ मे

खोली फार शांत आहे. फ्रीज तेवढा खोकतो.

१२ मे, सोमवार

सुसाटचं पत्र आलं. चांगलं कागदावर, हाताने लिहिलेलं. मधलं इथे उतरवून ठेवते:

'मावशी, तुम्ही मला ओरडलात ना, तेव्हा मला सगळं माहीत होतं. त्या दिवशी फोनवरून परत आले तर पाच काचा ओल्या होत्या. माझा हात इतका सरळ नाही, हे काय मला कळत नाही? मला सहा महिने परत मिळाले असते. तुमच्याकडे एप्रिलच उरला होता. म्हणून गप्प बसले होते. आणि तुम्ही सगळं बोलून टाकलंत!'

तीनदा वाचलं. ह्यांनी विचारलं, काय झालं, बरं नाही का? मी पत्र त्यांच्या हातात दिलं आणि उत्तर लिहायला बसले:

'पोरी, गाढव आहेस. पुन्हा कुणासाठी असं केलंस, अगदी माझ्यासाठीसुद्धा, तर तंगडं तोडीन. मी आंधळी, तुला रागावत बसले आणि तू भिंतीला टेकून ऐकत राहिलीस. एवढं मोठं मन कुठून आणलंस, तेवढं मला सांग. जेवतेस का, झोपतेस का, तिथे तुला जीव लावणारं कुणी आहे का, सगळं लिही. आणि लगेच लिही गं, टपालवाल्याची वाट बघत बसलेय मी.'